तुझं तू, माझं तुम्ही

जयसिंग, परवा तुला मी पहिल्यांदा तू म्हटलं, आणि तेही माईकवरून, सगळ्या गावाच्या देखत.

तुझी शोकसभा होती. मारुतीच्या देवळासमोर मंडप घातला होता आणि मागे तुझा फ्लेक्स. 'आदरणीय, सन्माननीय, मा. श्री. जयसिंगराव' एवढं सगळं लिहून उरलेल्या जागेत तुझा फोटो बसवला होता, त्यामुळे तुझा एक कान कापला गेला होता. तू जिवंत असतास तर शिडी मागवून तो फ्लेक्स खाली ओढला असतास. बोलायला उठणारा प्रत्येक जण 'आपण'पासून सुरुवात करत होता. आपण आम्हाला पोरकं करून गेलात, आपण गावाला दिशा दिलीत. ज्यांनी पाच वर्षं तुला 'डेन्मार्कचं येडं' म्हणून हसण्यावारी नेलं, त्यांच्या जिभेला एकदम साखर लागली होती. कारखान्याचे माजी चेअरमन तर डोळे पुसत होते. रुमाल मात्र कोरडा होता, मी बघितला.

मग मला उठवलं. किर्स्टनचं पत्र माझ्याकडे आलं होतं. किर्स्टन म्हणजे तुझ्या डेन्मार्कमधल्या पक्षाच्या शाखेतली बाई, तीन वर्षांपूर्वी आपल्या गावी येऊन ठेचा खाऊन गेलेली. शाखेतल्या सगळ्यांनी मिळून इंग्रजीत चार ओळी लिहिल्या होत्या आणि त्या मी मराठीत करून वाचायच्या होत्या. इंग्रजीचं बरं असतं, एकच शब्द, प्रधानालाही तोच आणि पोरालाही तोच. पण पत्राच्या खाली किर्स्टननं माझ्यासाठी वेगळं लिहिलं होतं. 'आम्ही त्याला आमच्या भाषेत दू म्हणायचो. तुमच्याकडे तीन शब्द आहेत हे मला माहीत आहे. तो जो मागायचा, तोच वापर.'

मी वाचलं, "जय, तू पहिल्यांदा आमच्या बैठकीला आलास तेव्हा कोट घालून आला होतास." मंडपात एकदम कुजबुज झाली. मागून कुणीतरी म्हणालं, "बाई, आवं, तुमी म्हणा की!" त्या आवाजात काय होतं ते मला चांगलं कळलं. मळ्यावरच्या गड्याची पोरगी मालकाच्या मेलेल्या पोराला अरेतुरे करते आहे. मी थांबले नाही. कागद माईकच्या आणखी जवळ धरून पुढची ओळ वाचली, तीही तू म्हणूनच.

तर घे. पन्नास वर्षं दिलं नव्हतं ते दिलं. अट माझी होती, ती तू पुरी केलीस, म्हणून दिलं. हे जे लिहिते आहे तेही तुला तू म्हणूनच लिहिते आहे. पण देताना जो आनंद व्हायचा होता तो झाला नाही. तो का झाला नाही हे तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. कारण तू जाताना एक चूक उराशी धरून गेलास, खुशीत गेलास, आणि ती चूक माझी होती.

माझे वडील, आबा, तुमच्या मळ्यावर एकतीस वर्षं सालगडी होते. वर्षाची बोली ठरायची आणि मग बैल, ऊस आणि पाण्याची पाळी, यांतून बाहेर बघायचं नाही. त्यांचं नाव गणपत, पण ते फक्त रेशनकार्डावर. मळ्यात आणि गावात ते गणप्या. तुमच्या घरातली चार वर्षांची पोरंसुद्धा "गणप्या, हिकडं ये" म्हणायची आणि आबा "आलो जी" म्हणत जायचे. तू तेवढा गणूनाना म्हणायचास. म्हणजे 'तू'च म्हणायचास, पण गणूनाना. "गणूनाना, तू मला खांद्यावर घे." आबा तुला खांद्यावर घेऊन उसाच्या बांधावरून चालायचे आणि मी मागून भाकरीचं फडकं घेऊन.

तू आणि मी एका वर्गात. मला आईनं शिकवून ठेवलं होतं की मळ्याच्या पोराला तुमी म्हणायचं. त्यामुळे सहा वर्षांची मी सहा वर्षांच्या तुला म्हणायचे, "तुमची पाटी कशानं फुटली ओ?" आणि तू म्हणायचास, "तूच फोडलीस." वर्गात कुणी हसायचं नाही. यात हसण्यासारखं काही आहे हे कुणाला माहीतच नव्हतं.

पुढे मी डी.एड. करून मास्तरीण झाले. तू आयटीआय केलंस, इकडेतिकडे वेल्डिंगची कामं केलीस आणि मग साताऱ्याच्या पठारावरच्या पवनचक्क्यांवर लागलास. तिथून कंपनीनं सहा महिन्यांच्या शिक्षणासाठी म्हणून तुला डेन्मार्कला पाठवलं आणि तू वीस वर्षं राहिलास. गावात रोज नवी बातमी. जयसिंगनं गोरी बायको केली, जयसिंग दारू गाळतो, जयसिंग ख्रिस्ती झाला. यातलं काहीच तू केलं नव्हतंस. तू एका पक्षात गेला होतास. ते गावाला बायकोपेक्षाही वाईट वाटलं.

तिथल्या सगळ्यात डावीकडचा तो पक्ष. तिकडच्या संसदेत त्यांची मूठभर माणसं. तिथल्या पवनचक्क्यांच्या कारखान्यातला एक सोबती तुला एका संध्याकाळी बैठकीला घेऊन गेला. तू मुलाखतीला जावं तसा कोट घालून गेलास. पक्षाची एक खासदार बाई आत आली तेव्हा तू खाडकन उठून उभा राहिलास. बाकी कुणी हललंसुद्धा नाही. तू तिला मॅडम म्हणालास तर सगळे हसले, आणि बैठक संपल्यावर त्या बाईनं स्वतःचा कप धुतला आणि शेजारचा तुझाही धुतला. हे तू मला किती वेळा सांगितलंस! दर वेळी त्या कपापाशी आलास की तुझा आवाज बदलायचा.

"अगं शालन, तिकडं प्रधानाला बी दू म्हणत्यात. डॉक्टरला दू, मास्तरला दू. आन् दू म्हंजी काय? आपलं तू! एका आईची लेकरं हायत बघ दोन्ही."

त्या पक्षाचे दोन नियम तुला तोंडपाठ होते. निवडून आलेल्यानं साध्या कारागिराच्या पगाराइतकंच स्वतःकडे ठेवायचं, वरचं पक्षाला द्यायचं. आणि ठरलेली वर्षं झाली की खुर्ची सोडायची, लोक कितीही म्हणोत. तू तिथल्या नगरपालिकेवर एकदा निवडून आलास. मुदत संपल्यावर लोक थांब म्हणत होते, तरी एका नर्सबाईला जागा करून दिलीस आणि पुन्हा पवनचक्क्यांवर चढायला लागलास. मग पाच वर्षांपूर्वी गावी आलास तो हे सगळं ट्रंकेत भरून आणल्यासारखा.

पहिल्याच ग्रामसभेत तू उठून तो खुर्चीचा नियम मांडलास. चेअरमन म्हणाले, "सोडायचीच तर बसायचं कशाला? उभंच ऱ्हावं की!" सगळी सभा हसली. तूही हसलास. तुझ्यावर हसलं की तूच आधी हसायचास, म्हणून तुझ्याशी भांडणं अवघड होतं.

मग तू रविवारी सकाळी तुझ्या घरच्या अंगणात बैठक सुरू केलीस. खुर्च्या गोलात मांडायच्या, कुणी पुढे नाही, कुणी मागे नाही. आमच्या वस्तीतली माणसं येऊन खुर्च्यांच्या मागे, चपलांपाशी बसायची. तू खुर्च्या मागे सरकवून गोल मोठा केलास. ती आणखी मागे सरकली. तू आणखी मोठा केलास. तिसऱ्या रविवारी गोल रस्त्यावर गेला आणि दुधाची गाडी अडली. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता आणि तू त्याला सांगत होतास की तूही ये, बस. त्या दिवशी मी पोट धरून हसले होते. घरी आल्यावर मात्र मला रडू आलं, कारण चपलांपाशी बसलेल्यांत आबा होते.

आणि मग तुझी ती तू-मोहीम. सगळ्यांनी तुला तू म्हणायचं. गावानं ऐकलं नाही, गाव तुला जयसिंगरावच म्हणत राहिलं. पण तुझा खरा डोळा आबांवर होता. आठवड्यातून दोनदा आमच्या घरी यायचास, त्यांच्या शेजारी जमिनीवर मांडी घालायचास आणि सुरू.

"गणूनाना, मला जयसिंग म्हण."

"आसं कसं म्हणू जी?"

"नुसतं तू तर म्हण. ल्हानपणी खांद्यावर बसवलंस न्हवं मला?"

"खांद्यावर बसवायला जीभ लागत न्हाई, धाकलं मालक. जीभ वळत न्हाई बगा."

तू हसून उठायचास. पुन्हा दोन दिवसांनी यायचास. एका दिवशी मी शाळेतून आले, दप्तर खाली ठेवलं आणि मला राहवलं नाही. पाच वर्षांचं आपलं भांडण त्या दिवशी सुरू झालं.

"जयसिंगराव," मी म्हणाले, "एक विचारू? तुमचे वडील आबांना तू म्हणायचे. तुमी बी तू म्हणताय. आबा तुमच्या वडलांना मालक म्हणायचे, तुमाला धाकलं मालक म्हणत्यात. मग बदललं काय? एवढ्या लांब जाऊन आलात ते कशाला?"

तुझं तोंड बघण्यासारखं झालं होतं. "अगं, पण मी त्याला बी तू म्हण म्हणतोय की! 'तुमी' म्हंजी मधी भिंत घालणं."

"'तू' आमाला जन्मापासनं मिळालंय. 'तुमी' कधी मिळालंच न्हाई. जे मिळालंच न्हाई ते आमी सोडायचं कसं?"

आबा म्हणाले, "शालन, पावण्याला आसं बोलू ने." मी म्हणाले, "आबा, तुमी मधी पडू नका." आणि तिथंच मी अट घातली. ज्या दिवशी तुम्ही माझ्या बापाला तुम्ही म्हणाल, त्या दिवशी मी तुम्हाला तू म्हणेन. तोवर तुम्ही जयसिंगरावच. तू म्हणालास, "ही अट आमच्या पक्षाच्या शिस्तीत बसत न्हाई," आणि चप्पल घालून गेलास.

दुसऱ्या दिवसापासून तुझे फोनवरचे बोलके निरोप सुरू झाले. टाइप करायचा तुला कंटाळा, म्हणून बोलून पाठवायचास. प्रत्येक निरोपाची सुरुवात 'ऐक'. "ऐक. तुझ्या व्याकरणाच्या पुस्तकात तुम्ही हे अनेकवचन हाय ना? म्हंजी मान द्यायचा तर एका माणसाचे पाच-सहा करायचे? एकटा माणूस पुरत न्हाई व्हय मानाला?" मी उलट निरोप पाठवायचे, "न्हाई पुरत. आमचा तर न्हाईच पुरला." तू म्हणायचास सगळ्यांनी खाली उतरून एका सपाटीवर यावं. मी म्हणायचे, तुम्ही उतरताय ते खांद्यावरून, आणि तो खांदा आमचा आहे. त्या वेळी मला हे बोलणं फार धारदार वाटायचं. आता आठवलं की नको होतं असं वाटतं.

किर्स्टन आली तेव्हा तुला वाटलं होतं, साक्षीदार आला. ती शाळेच्या स्वयंपाकघरात आयुष्य काढलेली बाई. आबांच्या शेजारी बसून ती शेंगा फोडायची, आबा तिला दाणे द्यायचे, दोघांना एकमेकांचं अक्षर कळत नव्हतं आणि दोघंही खूश. मी माझ्या मोडक्या इंग्रजीत तिला विचारलं की तुमच्याकडे पहिल्यापासून सगळे दूच म्हणतात का? ती म्हणाली, छे. तिच्या लहानपणी दुसरा शब्द होता, डी, आपल्या तुम्हीसारखा. तिची आई एका घरी मोलकरीण होती. मालकीण आईला दू म्हणायची आणि आई मालकिणीला डी. मी विचारलं, मग तो शब्द गेला कसा? किर्स्टननं बराच विचार केला. म्हणाली, आधी काही वर्षं दुकानात, बँकेत, आमच्यासारख्यांनाही डी म्हणायला लागले. मग सगळ्यांनीच सोडला. पण माझी आई मरेपर्यंत डॉक्टरला दू म्हणू शकली नाही.

मी तुझ्याकडे विजयी नजरेनं बघितलं. तू चहाच्या कपात बघत होतास. जाताना तू एवढंच म्हणालास, "तुमी दोघी मिळाला तर मग झालंच." बोलता बोलता तुमी म्हणून गेलास, आम्हा दोघींना मिळून. तेवढ्यानंही मला बरं वाटलं होतं. इतकी मी या शब्दाची भुकेली.

या उन्हाळ्यात तुझ्या यकृतात गाठ निघाली. मिरजेला दाखल झालास. आबांनी "पोराला बगायचं" असा धोशा लावला आणि मी त्यांना शनिवारी एसटीनं मिरजेला न्यायला लागले. चौऱ्याऐंशी वर्षांचं माणूस, पण वाटेत एकदा तक्रार नाही. तुझ्या खाटेपाशी गेलं की ते उभे राहायचे. खुर्ची असायची, पण उभेच. तू "बस की, गणूनाना" म्हणून म्हणून दमायचास.

त्या शनिवारी मी आबांना तुझ्यापाशी सोडून तुझं औषध आणायला खाली गेले होते. वर आले तर आबा खुर्चीवर बसलेले. चक्क बसलेले, टोपी हातात, धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत. आणि तू छताकडे बघत होतास, आजारी माणसाच्या तोंडावर असतं त्यापेक्षा फार वेगळं काहीतरी तोंडावर घेऊन. मला कुणी काही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी रात्री उशिरा तुझा निरोप आला. "ऐक. हरलो मी. काल म्हटलं त्याला. गणपतराव, तुमी लय केलंत माझ्यासाठी, आता तुमी बसा खुर्चीवर. अगं, त्यानं आधी मागं वळून बघितलं, कोण आलंय म्हणून. मग कळलं त्याला. बसला आन् रडला गं म्हातारा. एवढ्या वर्सांत कुणी म्हटलंच नव्हतं त्याला. तू म्हणत हुतीस तेच खरं. आता तुझी पाळी." आणि त्याच्यामागे ते दम लागलेलं हसू.

सोमवारी शाळेच्या व्हरांड्यात उभी राहून मी तो निरोप ऐकला आणि पोरांच्या देखत रडले. जयसिंग, मला त्या दिवशी इतका अभिमान वाटला! तुझा, आबांचा, आणि खरं सांगायचं तर माझाही. मी ठरवलं की शनिवारी तुझ्या तोंडावरच म्हणायचं. तीन दिवस घोकत होते. काय रं जयसिंग, कसा हायस? भाकरी थापताना, हजेरी घेताना, काय रं जयसिंग. गुरुवारी सकाळी तू गेलास.

पाच-सहा दिवस झाले असतील. आबा सोप्यात शेंगा फोडत बसले होते, मी शेजारी. मध्येच म्हणाले, "शालन, त्यो माझ्यावर रागवून गेला का गं?"

"कोण, आबा?"

"जयसिंग. शेवटाला मला आवंजावं कराय लागला. गणपतराव म्हटला. मी काय चुकलो का त्याचं? गणूनाना म्हणायचा गं. आख्ख्या गावात त्यो एकटा."

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. "न्हाई आबा, राग कशाचा," एवढं म्हणून मी उठून आत गेले. खरं तेव्हाच सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा विचारलं. तिसऱ्या दिवशी मला न विचारता भिंतीवरच्या कॅलेंडराकडे बघून स्वतःशीच म्हणाले, "काय चुकलं आसंल?" म्हातारपणी माणूस एकच गोष्ट धरून बसतो म्हणतात, पण आबांना बाकीचं सगळं लख्ख आठवतं. हे ते विसरत नव्हते, एवढंच.

तेव्हापासून तू मला सोडत नाहीस. तू मेलेला असून रागावून आला असतास तर मी तुला तोंड दिलं असतं, मला भांडायची सवय आहे. पण तू खुशीत येतोस. भर दुपारी, वर्गात, फळ्यापाशी. चौथीला सर्वनामं शिकवत होते. मी, आम्ही, तू, आणि तिथं खडू थांबला. मागे तू उभा आहेस, सदऱ्याच्या बाह्या दुमडलेल्या, आणि म्हणतो आहेस, रडला गं म्हातारा. पोरी म्हणाल्या, "बाई, पुढचं लिवा की." मला पुढचं लिहिता आलं नाही, मी त्यांना पुस्तक उघडायला सांगितलं.

तो निरोप मी किती वेळा ऐकला मोजलं नाही. दर वेळी तू तितकाच आनंदात असतोस. दर वेळी मला ओरडावंसं वाटतं की थांब, तो मानानं रडला नव्हता, तो तुटून रडला होता, त्याला वाटलं तू त्याला परका केलास. पण तू थांबत नाहीस. तू म्हणतोस, तू म्हणत हुतीस तेच खरं. जित्या माणसाला चूक सांगता येते, त्याच्याशी भांडता येतं. तुझ्या त्या आनंदाला आता कुणी हात लावू शकत नाही. मला भीती वाटते त्याची. संध्याकाळी दिवा लावताना दारात कुणी उभं राहिलं की मी आधी खाली बघते, पाय कुणाचे आहेत ते.

आणि तरी मी संपूर्ण चुकले असं मी म्हणणार नाही, एवढं ऐकून ठेव. एकतीस वर्षं गणप्या ऐकणं म्हणजे काय असतं ते तुला पक्षाच्या बैठकीत कळणार नव्हतं. पण तुझ्यासारखा माणूस मला आयुष्यात दुसरा भेटला नाही, की ज्यानं मरणाच्या खाटेवर स्वतःचं मत बदललं, तेही एका मास्तरणीच्या सांगण्यावरून. मोठमोठ्यांना ते जमत नाही. त्याबद्दल तुझे आभार मानायचे राहिले, ते इथं मानते.

परवा शोकसभेहून आम्ही घरी आलो. आबा मंडपाच्या खांबापाशी बसून सगळं ऐकत होते. वाटेत म्हणाले, "आज तू त्याला तू म्हटलीस." मी म्हणाले, "व्हय." "बरं केलंस. कुणीतरी म्हणायला पायजे हुतं. लय मागायचा बिचारा." मग काल दुपारी मी त्यांच्यासमोर बसले आणि सगळं सांगितलं. तुझा पक्ष, तो कप, दू आणि डी, आपलं भांडण, माझी अट. म्हणाले, "आबा, त्यो रागावला नव्हता. मीच त्याला तसं म्हणायला लावलं. तुमाला मान मिळावा म्हणून. सगळं गाव तुमाला गणप्या म्हणतं, मला ल्हानपणापासनं सोसत न्हाई."

"मला बी सोसत नव्हतं," आबा म्हणाले.

हे मी त्यांच्या तोंडून जन्मात पहिल्यांदा ऐकलं.

"पर गणप्या म्हणणारी येगळी, आन् गणूनाना म्हणणारं येगळं. 'तुमी' पायजे हुतं ते त्यांच्याकडनं. ह्याच्याकडनं न्हवं." त्यांनी दोन शेंगा फोडून दाणे माझ्यापुढे ठेवले. मग म्हणाले, "म्हंजी राग नव्हता त्याचा."

"न्हाई, आबा."

"मग तुजा बी नसंल."

"माझा? माझा कसला राग?"

"तू बी ल्हानपणी तूच म्हणायचीस मला. आबा, तू ये. आबा, तू जेव. मग मास्तरीण झालीस, पयल्या पगाराला धोतर घिऊन आलीस आन् म्हटलीस, आबा, तुमी हे नेसा. तवापासनं तुमी. मला वाटलं, पोरगी शिकली, आता हिच्यासंगं जरा बेतानं बोलाय पायजे."

मला आठवत होतं ते. मी ठरवून केलं होतं. गावात कुणी म्हणत नाही तर निदान मी तरी माझ्या बापाला तुम्ही म्हणेन, अशी मनाशी शपथ घेऊन. पस्तीस वर्षं मी ती पाळली, आणि पस्तीस वर्षं ते माझ्याशी बेतानं बोलत होते.

"मग बोलला का न्हाई कधी?" मी विचारलं.

"काय बोलायचं? मान देतीस म्हटल्यावर घ्यायला नगं का?"

गेलेल्याला तू म्हणणं सोपं आहे, जयसिंग. माईकवरूनसुद्धा जमलं मला. मी चहा टाकायला म्हणून आत गेले आणि ओट्यापाशी उभी राहून घोकलं. आबा, च्या घेतोस का? तीनदा म्हटलं, हळू, ओठांतल्या ओठांत. मग उंबऱ्यात आले. आबा शेंगांची टरफलं गोळा करत होते. मी तोंड उघडलं आणि म्हणाले, "आबा, च्या घेता का?"

आबांनी मान वर केली. माझ्याकडे बघितलं, नीट, वरपासून खालपर्यंत, आणि डोळे बारीक करून म्हणाले, "तुमी केलात तर घेऊ की, बाई."